पोलीस भरती: जाहिरात आली की एकदम डबल रनिंग, ग्राउंडआधीच पोरं जायबंदी का होतात?

ठाणे जिल्हा | विश्लेषण

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. ऑक्टोबरअखेर ऑनलाइन अर्ज सुरू झाले. २०२२ आणि २०२३ मध्ये वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांनाही या वेळी एक संधी देण्यात आली. म्हणजे ज्यांनी भरतीचा नाद सोडून भिवंडीच्या गोडाऊनमध्ये किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम धरलं होतं, त्यांच्यातलेही काही जण पुन्हा बूट बांधून रस्त्यावर आले.

भरतीची जाहिरात आली की शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत पुढचं चित्र ठरलेलं असतं. पहाटे चार-साडेचारला गावाबाहेरच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळायला लागतात. पहिल्या आठवड्यात सगळे जोशात असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणाची नडगी ठणकते, कुणाचा गुडघा सुजतो, कुणाला टाच टेकवत नाही. ग्राउंडची तारीख येईपर्यंत त्यातले काही घरी बसलेले असतात.

“अंगात दम नाही,” “सराव कमी पडला,” असं गावात बोललं जातं. बऱ्याच वेळा खरं कारण उलटं असतं. सराव कमी पडलेला नसतो, तो फार लवकर वाढवलेला असतो. खेळाच्या शास्त्रात याला सरावाचा भार, म्हणजे ‘ट्रेनिंग लोड’ म्हणतात. मोठ्या क्रिकेटपटूंच्या बाबतीत ‘वर्कलोड’ हा शब्द टीव्हीवर रोज ऐकू येतो. पण त्याची खरी गरज डांबरी रस्त्यावर साध्या बुटांत एकट्याने पळणाऱ्या उमेदवाराला जास्त आहे. कारण त्याच्याजवळ ना फिजिओ असतो, ना दुसरी संधी.

बाळेगावची घटना विसरता येणार नाही

जून २०२४ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातल्या बाळेगाव येथे राज्य राखीव पोलीस बल, गट क्रमांक ११ च्या भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले. त्यांच्यापैकी एका तरुणाचा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मृत्यू झाला. तो नोकरीसाठी बाहेरच्या जिल्ह्यातून आला होता.

याआधी जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावेत किमान चार उमेदवारांचे प्राण गेले होते. त्यावरून राज्यभर ओरड झाली आणि पुढे शिपाई भरतीत पुरुषांची ही धाव १६०० मीटरवर आली. राज्य राखीव दलात मात्र ५ किलोमीटर कायम राहिली. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावताना दहाहून जास्त उमेदवार दगावले. तिथल्या सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली.

असा प्रत्येक मृत्यू चुकीच्या सरावामुळेच होतो, असं म्हणता येत नाही. उष्माघात, हृदयाचा लपलेला आजार, अंगातलं पाणी कमी होणं, अशी वेगवेगळी कारणं असतात आणि ती वैद्यकीय तपासणीतच ठरतात. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. शरीराला ज्याची सवय नाही, ते त्याच्याकडून एका सकाळी करून घेतलं जातं.

मार्कांचं गणित

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धाव २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि गोळाफेक १५ गुणांना. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. राज्य राखीव दलात मैदानी चाचणी १०० गुणांची आणि त्यात ५ किलोमीटर धावेला एकट्याला ५० गुण. निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार होतो. त्यातही लेखीला एका पदामागे दहाच उमेदवार बोलावतात, म्हणून एकेक गुण महाग पडतो.

२०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर जण. एवढी चढाओढ असताना “हळूहळू वाढव” हा सल्ला पोरांच्या गळी उतरणं अवघड आहे, हे मान्य करावं लागेल.

पण मार्क नेमके कशाला मिळतात तेही पाहू. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या मैदानावर चार राउंड, प्रत्येक राउंड साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. ८०० मीटरला महिलांसाठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ८५ सेकंदांचे दोन राउंड. ही वेगाची परीक्षा आहे. तरीही कित्येक जण रोज १० किलोमीटर रस्ता तुडवतात. अंतर वाढतं, पाय दुखतात आणि टायमिंग तिथंच राहतं.

दम आधी येतो, हाड मागून येतं

पळायला लागल्यावर शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने तयार होत नाहीत. फुप्फुसं, हृदय आणि रक्त दोन-तीन आठवड्यांत बदल दाखवू लागतात. धाप कमी लागते. पोरगा म्हणतो, “आता जमतंय, अजून वाढवू.”

हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश चालतात. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथं नवं, जास्त मजबूत हाड भरतं. जुन्या घराची भिंत पाडून नवी बांधण्यासारखं हे काम आहे. ते पुरं व्हायला काही महिने लागतात. भिंत अर्धी पाडलेली असताना वर मजला चढवला, तर काय होणार? नडगीला, पायाच्या पंजाला बारीक चीर पडते. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही.

हे दुखणं नवं नाही. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या नव्या शिपायांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली होती. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. पुढे त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असं नाव पडलं.

भार मोजायचा कसा?

यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी मांडलेली एक सोपी पद्धत जगभरातले प्रशिक्षक वापरतात. सराव किती मिनिटं केला, त्याला तो किती जड गेला याच्या गुणांनी गुणायचं. गुण ० ते १० मधले.

- गप्पा मारत पळता आलं तर ३
- तुटक तुटक बोलता आलं तर ५
- एखाद-दुसराच शब्द निघाला तर ७
- जीव खाऊन पळावं लागलं तर ९ किंवा १०

सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःलाच विचारायचं, आज किती जड गेलं? आलेला आकडा वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचा.

समजा, मुरबाड तालुक्यातला एक मुलगा आठवड्यातून चार दिवस ३० मिनिटं पळतो आणि त्याला ते ४ गुणांइतकं जड जातं. ३० गुणिले ४ म्हणजे १२०. चार दिवसांचे ४८०. हा त्याचा आठवड्याचा भार.

जाहिरात येते. तो अकॅडमीत नाव घालतो. तिथं सहा दिवस, रोज एक तास, ७ गुणांचा सराव. ६० गुणिले ७ म्हणजे ४२०. सहा दिवसांचे २,५२०. त्याच्या मते सराव “थोडा वाढला”. आकडा सांगतो, भार एका आठवड्यात सव्वापाच पट झाला.

अकॅडमीतला तोच सराव वर्षभर पळणाऱ्या मुलाला सोसतो, कारण त्याचा नेहमीचा भारच दोन हजारांच्या घरात असतो. म्हणून “तो करतो तर मी का नाही?” या प्रश्नाचं उत्तर दोघांच्या वहीत सापडतं. सराव तोच असला, तरी महिनाभरापूर्वी दोघं कुठं होते ते वेगळं असतं.

शेत, गोडाऊन आणि लोकलचाही लोड

शहरातल्या खेळाडूचा सराव संपला की त्याचा दिवस बराचसा आरामात जातो. खेड्यातल्या उमेदवाराचं तसं नाही. जून-जुलैत शहापूर-मुरबाडकडे भातलावणी असते. दिवसभर चिखलात वाकून काम. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचा-उतरवायचा. कसारा किंवा बदलापूरहून उभ्याने लोकलचा प्रवास, रात्रपाळी, चार-पाच तासांची झोप.

शरीराला यातलं काहीच वेगळं कळत नाही. त्याच्या लेखी हा सगळा एकच भार. लावणीच्या दुसऱ्या दिवशी तीच ३० मिनिटांची धाव ४ ऐवजी ६ गुणांइतकी जड वाटते, म्हणजे १२० चा आकडा १८० होतो. अंतर तेच, वेळ तोच, भार मात्र दीडपट. अशा दिवशी हलकं पळणं हा आळस समजू नये.

मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट. घरचं पाणी, स्वयंपाक आणि वरून सराव. त्यात पोटभर खाणं झालं नाही तर हाडं लवकर कमजोर होतात. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ती लपवायची बाब नाही. शरीराला खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दर आठवड्याला दहा टक्के: नियम की अंदाज?

“आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका,” असं धावणाऱ्यांमध्ये सर्रास सांगतात. या हिशेबाने भार दुप्पट व्हायला सात-आठ आठवडे लागतात. अंदाज म्हणून हे ठीक आहे. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात पाचशेहून जास्त नवख्या धावपटूंना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने दहा टक्क्यांच्या हिशेबाने वाढवलं, दुसऱ्याने जास्त वेगाने. दोन्ही गटांत साधारण पाचात एकाला दुखापत झाली.

ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांनी २०१६ च्या सुमारास दुसरं मोजमाप लोकप्रिय केलं. चालू आठवड्याच्या भाराला गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागायचं. उत्तर ०.८ ते १.३ मध्ये असलं तर बरं, दीडच्या वर गेलं तर सावध. यावरही नंतर अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. एकाच आकड्यावरून दुखापतीचं भाकीत करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

२०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त महागात पडल्याचं दिसलं. गेल्या ३० दिवसांत जेवढं सर्वांत लांब पळलात, त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एकाच दिवशी पळालात की दुखापतीचा धोका वाढतो. दुपटीहून जास्त पळणाऱ्यांत तो दुपटीहून अधिक झाला.

गावच्या उमेदवारासाठी यातून काढायचा अर्थ सरळ आहे. महिनाभरात सर्वांत लांब धाव ४ किलोमीटरची असेल, तर रविवारी मित्रांच्या पैजेवर ८-१० किलोमीटर मारू नयेत. आजारपण, लग्नसराई किंवा लावणीमुळे पंधरा दिवस खाडा पडला असेल, तर जिथं सोडलं तिथून नाही, त्याच्या खालून सुरुवात करावी. वय उलटून गेल्यावर संधी मिळालेल्यांनी तर हे डोक्यात पक्कं धरावं. जुनं टायमिंग आठवणीत असतं, पायात नसतं.

तीन महिने हातात असतील तर

पहिला महिना बोलता येईल अशा वेगाने पळावं, जमेल तेवढं मातीवर. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनच दिवस वेगाचा सराव घ्यावा, जसे ४०० मीटरचे चार-पाच राउंड, मध्ये पुरेशी विश्रांती. गोळा आणि १०० मीटरचा सराव त्यात धरून मोजावा, कारण तोही भारच. दर चौथ्या आठवड्याला भार थोडा उतरवावा. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी.

शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत बहुतेक जण सगळ्यात जास्त घाम गाळतात. नेमकं तेव्हाच अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं असतं, वेग तेवढाच ठेवून. या दिवसांत नवी ताकद येत नाही, आधी कमावलेली ताकद थकव्याखालून वर येते. नवीन बूटही ग्राउंडच्या आदल्या दिवशी काढू नयेत.

उन्हाची आणि दमट हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. कोकणपट्टीच्या हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. कायम पहाटेच पळणाऱ्याचा नंबर मैदानावर ११ वाजता लागला, तर तीच धाव वेगळी वाटते.

इथं थांबायचं

- नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखतं, रात्रीही ठणकतं: पळणं बंद, डॉक्टरांकडे.
- जबर सरावानंतर लघवी काळपट किंवा चहासारखी: स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ही खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय.
- पळताना छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू: तपासणी झाल्याशिवाय पळू नये.
- मैदानावर कुणी बरळू लागला, अडखळू लागला, अंग तापलं: सावलीत नेऊन लगेच अंगावर थंड पाणी ओतत राहावं आणि १०८ ला फोन करावा. आधी थंड करणं, मग नेणं.
- वेदनाशामक गोळी घेऊन पळू नये. अंगातलं पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि दुखणं झाकलं जाऊन चीर वाढते.

सराव वाढवण्याआधी एकदा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घेतलेला बरा. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय इथं त्याची चौकशी करता येईल.

सगळं पोरांवरच ढकलून चालणार नाही

भार एकदम वाढण्यामागं भरतीची अनिश्चितताही आहे. जाहिरात कधी येणार, ग्राउंड कधी लागणार, हे कुणालाच माहीत नसतं. वर्षभर नुसती वाट पाहायची आणि तारीख आली की महिन्याभरात सगळं उरकायचं, यात दुखापत ठरलेलीच. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनपासून, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली होती. बाहेरगावच्या उमेदवारांनी फूटपाथवर, पुलाखाली रात्र काढल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. रात्रभर न झोपलेल्या पोराने सकाळी जीव तोडून पळायचं, हाही भारच आहे आणि तो सरकारी नियोजनातून येतो.

त्याच भरतीत दोन ठिकाणी अर्ज केलेल्यांना दोन चाचण्यांमध्ये किमान चार दिवसांचं अंतर देण्याचं पोलीस दलाने जाहीर केलं होतं. विचार योग्य होता. तसाच विचार पुढेही व्हायला हवा. वर्षाचं भरतीचं वेळापत्रक आधी ठरावं. ग्राउंडची तारीख किमान दोन-तीन महिने आधी कळावी. लांब धाव सकाळी लवकर आटोपावी. मैदानावर रुग्णवाहिकेबरोबर थंड पाण्याची सोय असावी आणि बाहेरून आलेल्यांना रात्री टेकायला जागा मिळावी.

तालुक्यांत मैदानंही हवीत. ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृह आहे, डोंबिवलीत संत सावळाराम महाराज क्रीडा संकुल आहे. शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांतल्या पोरांच्या वाट्याला गाड्यांची वर्दळ असलेला डांबरी रस्ताच येतो. जिल्हा परिषद शाळेच्या किंवा गावकीच्या जागेवर चुना मारून आखलेला २०० मीटरचा मातीचा ट्रॅक ग्रामपंचायतीला फार जड जाणारा खर्च नाही. अकॅडमी चालवणाऱ्यांनीही नव्या मुलाला पहिल्याच दिवशी जुन्या बॅचमागे पळवू नये. गेल्या महिन्यात किती पळालास, हा प्रश्न फी घेण्याआधी विचारावा.

सरकारी वेळापत्रक सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर उमेदवाराच्या हातात एक वही आहे. मिनिटं गुणिले जोर, एवढंच रोज लिहायचं आणि आकडा एकदम उडी मारतोय का ते रविवारी पाहायचं. निवड लेखी आणि मैदानाच्या गुणांवर होईल, पण मैदानाचे गुण मिळवायला त्या सकाळी दोन्ही पाय शाबूत घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.